टोपीनंतरची खुर्ची

खोटं वाटलं तर झेन्झीला विचारा, असं लिफ्टवरचा क्विरिन आधीच सांगून टाकायचा. खानावळ चालवणारी झेन्झी तिथेच चुलीपाशी पाठ करून भांडी पुसत असायची. तिला कोणी विचारत नसे. ती मध्ये बोलत नाही आणि नाही म्हणत नाही, एवढंच ऐकणाऱ्यांना पुरायचं.

डोंगरमाथ्यावरच्या त्या खानावळीत त्या रात्री पाहुणे नव्हते. वाऱ्यामुळे दोरावरच्या खुर्च्यांची लिफ्ट लवकर थांबवलेली आणि हंगामापुरती कामाला आलेली पोरं वरच अडकलेली. लहान मुलांना स्की शिकवणारा टिलो, स्वयंपाकघरात झेन्झीच्या हाताखाली असलेली स्लोव्हेनियाची व्हेस्ना, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांनी नुकतेच झेन्झीचे क्नोडेल हाणले होते. मुठीएवढे वाफवलेले गोळे, आत आलुबुखाराचा मुरंबा, वर खसखस आणि वितळलेलं लोणी. टिलोने तीन खाल्ले होते आणि चौथ्याकडे बघत होता.

पोट भरलं की टिलोला प्रश्न सुचायचे. तो म्हणाला, "क्विरिन, तू रोज शेवटच्या खुर्चीवर ती कळकट टोपी अडकवतोस, ते समजलं. टोपी वर पोचली म्हणजे तिच्या मागे कोणी नाही. पण मग लिफ्ट आणखी चौदा मिनिटं रिकामी कशाला फिरवायची? वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

पोरं हसली. क्विरिन हसला नाही. दार नीट लाव म्हणाला, आणि सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीची सोळा तारीख, वार गुरुवार. शाळांना सुट्टी. खाली गावात एक कुटुंब आठवड्याभरासाठी उतरलं होतं. नवरा ग्रेगोर, बायको वेरेना, आणि थेआ नावाची सहा वर्षांची मुलगी. ग्रेगोर इन्सब्रुकचा, चालायच्या आधी स्कीवर उभा राहिलेला. वेरेना पार पूर्वेकडची, आइझेनश्टाटजवळची. तिकडे तळं, द्राक्षाचे मळे आणि आडवी जमीन. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे चर्चचा मनोरा, आणि त्याहून उंच म्हणजे मनोऱ्यावर बसलेला करकोचा. अशा गावची बाई तिसाव्या वर्षी स्की शिकायला निघाली, कारण या देशात स्की येत नाही म्हणणं म्हणजे पोहता येत नाही म्हणणाऱ्या माशासारखं. आणि मुलीसमोर तिला मासाच व्हायचं होतं.

तो आठवडा असा, वर नेला की खाली आपटणारा. शनिवारी सात तास गाड्यांच्या रांगेत, आणि बोगद्यात थेआला उलटी. रविवारी भाड्याचे बूट. ते घट्ट झाले तर पाय बधिर, सैल झाले तर घोटे सोलतात, आणि देणारा म्हणतो, बाई, बूट बरोबर आहे, पाय चुकीचा आहे. सोमवारी वेरेना खुर्चीवरून उतरताना पडली. लिफ्ट थांबवावी लागली. मागच्या खुर्चीवरचा एक म्हातारा म्हणाला, बागेतला बाक नाही हा, इथे उतरायचं असतं. मंगळवारी ग्रेगोरने गुडघा मुरगळून घेतला. उतारावर नाही, गाड्या लावतात तिथल्या निसरड्यावर, बगलेत टॉवेल धरून. बुधवारी मात्र आभाळ असं निळं, की डोळे मिटावेत. थेआ अख्खा उतार एकटी खाली आली, दोन्ही हात पसरून. वेरेनाला रडू आलं, चष्म्याच्या आतून वाफ धरली, काही दिसेना, आणि ती सरळ कुंपणात घुसली.

रोज संध्याकाळी सासूचा फोन. गुडघे वाकव. पुढे झुक. घाबरू नकोस. तुझी भीती पोरीला लागेल. शेवटचं वाक्य वेरेनाला रात्री झोपू देत नसे, कारण ते तिला खरं वाटायचं.

गुरुवारी दुपारी अडीचला झेन्झीचा फोन आला. डोंगरावर अहो-जाहो चालत नाही, त्यामुळे ओळख-देख नसताना झेन्झी म्हणाली, "तुझी पोरगी माझ्या स्वयंपाकघरात टेबलाखाली बसलीय. पोट दुखतंय म्हणते. मला वाटतं पोट ठीक आहे, काल एकटी उतरली त्याची धास्ती आज बसलीय. शिकवणाऱ्याकडे आणखी सात मुलं आहेत आणि वादळ येतंय, म्हणून मी तिला ठेवून घेतलं. ती स्कीवर येत नाही, खुर्चीवरही बसत नाही. आई पाहिजे म्हणते. सव्वाचारच्या आत लिफ्टवर ये. सात वाजता बर्फ दाबायचं यंत्र खाली जातं, त्यात दोघींना बसवून देते."

थेआला फोन दिला. मी येतेय, पाचच्या आत तुझ्याजवळ, वेरेना म्हणाली. नक्की? नक्की.

ग्रेगोर सोफ्यावर गुडघ्याला बर्फ लावून पडला होता. तो म्हणाला, तू नको जाऊस, लिफ्टवरच्या कोणालातरी सांगू, तुला ती खुर्ची जमत नाही. वाईट हेतूने नाही म्हणाला. पण ते ऐकल्यावर वेरेनाने आणखी काही ऐकलं नाही. थेआचे कोरडे मोजे घेतले, स्टीलच्या थर्मासात चहा भरला आणि निघाली. साधे बर्फातले बूट घालून, स्कीशिवाय. फोनची बॅटरी नऊ टक्के होती, तेही तिला बसमध्ये बसल्यावर दिसलं.

बर्फामुळे बस रखडली. ती लिफ्टपाशी पोचली तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. टोपी सव्वाचारलाच गेली होती. खालच्या माणसाने जायच्या वाटेवर दोरी बांधली होती आणि तो केबिनमध्ये रेडिओ लावून बूट काढत बसला होता. काचांवर वाफ. इथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की दोरी लागली म्हणजे टोपी गेली, म्हणजे संपलं. पण वेरेना सपाट मुलखातली. तिला एवढंच दिसलं, की खुर्च्या फिरतायत. फिरतायत म्हणजे चालू आहे. तिने एक हाक मारली. उत्तर आलं नाही. ती दोरीखालून वाकून आत गेली, खुणेवर उभी राहिली, आणि आठवड्यात पहिल्यांदाच खुर्ची बरोबर गुडघ्यामागे लागली. ती टेकली, आडवा दांडा ओढून घेतला, आणि तिला हसू आलं. बघायला कोणी नव्हतं.

आठवं मिनिट. खुर्ची काळ्या ओढ्याच्या घळीवर आली. तिथे जमीन एकदम खाली जाते, पाच माणसं एकावर एक उभी केली तरी हात पोचणार नाही. नेमकी तेव्हा टोपी वर पोचली. वरच्या केबिनमध्ये त्या दिवशी रुपर्ट होता. टोपी आल्यावरही चौदा मिनिटं थांबायचं, म्हणजे खालून कोणी बसलं असेल तर ते वर येईल, हा नियम त्याला माहीत होता. पण वादळ येत होतं. हा म्हाताऱ्यांचा नियम, असं तो नेहमी म्हणायचा. त्याने खटका पाडला, स्की चढवल्या, आणि पलीकडच्या उताराने घरी गेला.

चार एकोणतीस.

आधी तिला वाटलं, वर कोणीतरी पडलं असेल. सोमवारी ती स्वतः पडली तेव्हा असंच थांबलं होतं. त्या पडणाऱ्याची तिला दया आली. पाच मिनिटं ती त्या न पडलेल्या माणसाला मनातल्या मनात धीर देत राहिली. मग दहा. मग तिने फोन काढला. थंडीने नऊ टक्क्यांचे शून्य झाले होते.

तिने हाका मारल्या. बर्फ आवाज खाऊन टाकतो.

(इथे क्विरिन थांबला. आता थोडं मागे जावं लागेल, म्हणाला.)

एकोणीसशे एकोणऐंशी साल, फेब्रुवारीच. तेव्हाही हीच खानावळ, झेन्झीची आई चालवायची. स्वयंपाकघरात बुर्गा नावाची मुलगी कामाला होती, बावीस वर्षांची. क्नोडेलचं पीठ तीच मळायची, झेन्झीला मळायला तिनेच शिकवलं. एका संध्याकाळी यीस्ट संपलं. दुसऱ्या दिवशी रविवार, दोनशे माणसं जेवायला. बुर्गा खाली गेली. चर्चशेजारच्या दुकानात तेव्हा यीस्ट मोठ्या वडीतून कापून तपकिरी कागदात गुंडाळून द्यायचे, वर निळा शिक्का. पुडी गारठू नये म्हणून तिने ती कोटाच्या आत छातीशी धरली आणि धावत आली. टोपी गेली होती. तिला माहीत होतं टोपी म्हणजे काय. पण खुर्च्या फिरत होत्या, आणि पीठ भिजवून ठेवायचं होतं. ती बसली.

टोपी वर आली. वरच्या माणसाने लिफ्ट बंद केली.

खानावळीतल्यांना वाटलं, वादळ बघून ती खालीच राहिली. खालच्यांना वाटलं, ती वर पोचली. कोणी कोणाला विचारलं नाही. सकाळी लिफ्ट सुरू केली तर घळीवरून बुर्गा आली. बसलेली. ताठ. मांडीवर बर्फाचा ढीग. कोटाच्या आत हात तसाच धरलेला. पुडी मात्र नव्हती. घळीत पडली असेल म्हणाले.

टिलोने विचारलं, तेव्हा वर कोण होतं?

क्विरिनने ऐकलं नसावं. तो म्हणाला, तर वेरेना.

सव्वापाचपर्यंत ती पाय हलवत राहिली. हात काखेत. थर्मासातला चहा टोपणाने मोजून पीत होती, थेआसाठी अर्धा ठेवून. उजेड गेला. काळोख आला म्हणण्यापेक्षा डोंगर, झाडं, पुढची खुर्ची, मागची खुर्ची एकेक करून काढून नेल्यासारखी नाहीशी झाली. राहिला तो तिच्या डोक्यावरचा दोर. आणि बर्फ. वारा पडला होता. बर्फ सरळ खाली येत होता, घाई नसल्यासारखा.

मग खुर्ची डावीकडे कलली.

वारा नव्हता.

कोणीतरी शेजारी येऊन टेकावं, तशी कलली. आणि तशीच राहिली.

वेरेनाने मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. जागा रिकामी. पण तिच्या स्वतःच्या मांडीवर बोटभर बर्फ होता. दांड्यावर होता. तिच्या बाहीवर होता. शेजारच्या जागेवर नव्हता. पडत होता... साठत नव्हता.

"थकलीस," कोणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. भांडी आवरून झाल्यावर बोलतात, तसा.

वेरेनाने दांडा घट्ट धरला.

"खालचे म्हणतात, ती वर पोचली."

...

"वरचे म्हणतात, ती खालीच राहिली."

...

"कोणी येत नाही. झोप. झोपलं की थंडी वाजत नाही."

आणि ते खरं होतं. बोटं दुखायची थांबली होती. उलट गरम वाटत होतं. पापण्या जड. कोटाची वरची गुंडी काढावी असं तिला वाटलं. तिने ती काढलीसुद्धा...

वेरेना नंतर झेन्झीला म्हणाली, मी शूर नाही. मी विजेच्या बटणालासुद्धा दोनदा हात लावून बघते, बंद केलं का म्हणून. त्या क्षणी मला धीर आला नाही. मला राग आला. आठवडाभर प्रत्येक जण मला सांगत होता. गुडघे वाकव. पुढे झुक. बूट बरोबर आहे. नको जाऊस. मी सगळ्यांचं ऐकत होते. आणि आता हीसुद्धा सांगायला आली.

तिने गुंडी परत लावली. बोटांना समजत नव्हतं, चार वेळा निसटली. पाचव्यांदा लागली.

"नाही झोपत," ती मोठ्याने म्हणाली. "पोरगी वर आहे माझी. पाचच्या आत येते म्हणून सांगितलंय."

"पाच वाजून गेले."

"मग उशीर झाला म्हणून सांगेन. आईला उशीर होतो. आई येतच नाही, असं होत नाही."

शेजारी काही हललं. गार श्वास गालावर आला. त्या श्वासाची वाफ नव्हती.

वेरेनाने थर्मास उचलला आणि डोक्यावरच्या लोखंडी दांड्यावर हाणला. ठण्. परत. ठण्. तो दांडा दोराला धरून असतो आणि दोर वरच्या चाकापर्यंत जातो. हे तिला माहीत नव्हतं. हाताला काहीतरी करायचं होतं, एवढंच.

चौथ्या ठोक्याला हात खाली येईना.

थर्मास जड झाला होता. कोणीतरी धरला होता. दिसत नव्हतं कोणी. पण स्टीलवर पाच बोटांएवढी जागा पांढरी होत गेली. गोठलेल्या दहिवराची. एक बोट. दुसरं. तिसरं...

"बस ना," आवाज म्हणाला. आता तो दमलेला नव्हता. "बस माझ्याजवळ. सगळे उतरून जातात. कोणी बसत नाही."

तेव्हा वेरेनाने मान वळवली.

तिने काय पाहिलं, ते तिने कोणाला सांगितलं नाही. झेन्झीलाही नाही. एवढंच म्हणाली, की एक हात थर्मासवर होता, आणि दुसरा कोटाच्या आत.

"आत काय धरलंयस?" वेरेनाने विचारलं. थेआने मुठीत काही लपवलं की विचारायची, त्याच आवाजात.

...

"विचारतेय मी. काय आहे हातात?"

"यीस्ट." फार वेळाने. "उद्याच्या पिठाचं."

"मग ते वर नेऊन द्यायचं सोडून इथे काय लटकून बसलीस?"

...

"वर माणसं उपाशी राहिली असतील तुझी. आणि तू इथे मला झोप म्हणून सांगतेस. लाज नाही वाटत? चल. दोघी जाऊ. पण वर. इथे कोणी बसायचं नाही. मी नाही, तू नाही."

बर्फ पडत होता. घळीत खोल कुठेतरी पाणी वाहत होतं.

थर्मास हलका झाला.

वेरेनाने तो वर मारला. ठण्.

आणि दुसऱ्या बाजूने, शेजारच्या जागेवरून... ठण्.

तिने मारला. ठण्. थांबली.

ठण्.

सहा वाजून दहा मिनिटांनी दोराला हिसका बसला.

आता वर काय झालं ते. थेआ साडेचारपासून खिडकीला नाक लावून उभी होती. आठवडाभर ती खुर्च्या मोजत होती, तिला तोच नाद. झेन्झीने दोनदा समजावलं की तुझ्या आईची लिफ्ट चुकली असणार, ती खाली बाबांजवळ असेल, ये, क्नोडेल खा. थेआ म्हणाली, ती निघाली म्हणाली होती. झेन्झीने ताट पुढे केलं. थेआने ताट मागे सरकवलं. मग ती म्हणाली, आई ठोकतेय. झेन्झीला काही ऐकू येत नव्हतं. थेआ बूट न घालता दाराकडे निघाली, आणि अडवलं तर चावली. चावल्यावर मात्र झेन्झीने फोन उचलला. खाली विचारलं, एक बाई वर गेली का? खालचा माणूस म्हणाला, टोपीनंतर कोणी नाही. तरी तो बॅटरी घेऊन बाहेर गेला. दोरीच्या पलीकडे पावलं होती. बर्फाने अर्धी भरलेली. खुर्चीकडे जाणारी. परत येणारी नव्हती.

एकोणऐंशीलाही तशीच असणार, म्हणाला क्विरिन.

वरच्या केबिनची एक किल्ली एकोणऐंशीपासून खानावळीच्या दाराला लटकत असते. झेन्झीने लिफ्ट चालू केली आणि दिवा धरून उभी राहिली. एकेक खुर्ची वर येत होती. रिकाम्या खुर्च्या, दोन्ही जागांवर वीतभर बर्फ, गाद्या घातल्यासारखा. एक. दुसरी. पंधरावी. तिसावी. थेआ मोजत होती. मग वेरेना आली. भुवया पांढऱ्या, ओठ निळे, हातात चेपलेला थर्मास. तिच्या शेजारच्या जागेवर बर्फाचा कण नव्हता. फळी कोरडी.

झेन्झीने खुर्ची थांबवून तिला ओढलं. वेरेना उतरली, पण आडवा दांडा तिने खाली पडू दिला नाही. हाताने वर धरून ठेवला. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "उतर आता. गुडघे वाकव. पुढे झुक."

...

मग तिने दांडा सोडला आणि थेआला उचललं. थेआ म्हणाली, उशीर केलास. वेरेना म्हणाली, हो, केला.

त्या रात्री यंत्र खाली गेलंच नाही, वादळ सकाळपर्यंत होतं. खालचा माणूस पहाटे पहिल्या यंत्राने वर आला. वेरेना इथेच बसली होती, जिथे व्हेस्ना बसलीय. पाय कोमट पाण्यात. त्याने टोपी काढली. टोपी गेल्यावर बाहेर नजर ठेवायची सोडून आपण बूट काढत बसलो, हे सांगितलं. रुपर्टचंही सांगितलं. आणि मग, तिने विचारलं नव्हतं तरी, एकोणऐंशी साली वर कोण होतं तेही सांगितलं. एकोणीस वर्षांचा एक गाढव. त्याने टोपी पाहिली आणि खटका पाडला. त्यानंतर त्याने वरचं काम कधी केलं नाही, खालचं मागून घेतलं. चव्वेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने टोपी बांधली.

टिलो खुंटीवरच्या क्विरिनच्या टोपीकडे बघत होता.

"मग ती काय म्हणाली?" व्हेस्नाने विचारलं.

"म्हणाली, ती पोचली. आता तू का लटकून बसलायस?" क्विरिनने चुलीत एक ओंडका सारला. "आणि नवऱ्याला फोन लावून सांगितलं की मी उतरताना खुर्चीने उतरणार आहे, यंत्राने नाही. थेआही. आणि खरंच गेल्या दोघी. पोरगी दांड्याला घट्ट धरून, डोळे मिटून, पण गेली. दर वर्षी येतात. ती बाई अजून पडते."

झेन्झीने फडकं झटकलं. पहिल्यांदाच वळली. ती हळू आवाजात म्हणाली, की त्या शुक्रवारी पहाटे पाचला ती पीठ भिजवायला आली, तर परातीत एक पुडी होती. तपकिरी कागद, निळा शिक्का. ते दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली. आत यीस्ट. मऊ. ताजं.

"फेकलंस ना?" टिलो म्हणाला.

"का फेकू? पोरगी एवढ्या लांबून घेऊन आली." झेन्झीने कोपऱ्यातल्या परातीवरचं फडकं उचललं. पीठ काठाच्या वर आलं होतं. "त्यातला एक गोळा दर वेळी मागे ठेवते. उद्याच्या पिठात घालते."

टिलोने आपल्या ताटाकडे पाहिलं. मग व्हेस्नाच्या.

चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या भिंतीवर, एका खिळ्याला तपकिरी कागद टोचलेला होता. तो तिथे तीन वर्षं आहे, आणि खाली चूल रोज पेटते. व्हेस्ना उठून जवळ गेली. शिक्का अजून निळा होता. कागदाच्या एका कोपऱ्यावर, धरल्यासारखं, अंगठ्याएवढं दहिवर होतं. तिने त्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ठेवलं.

ते वितळलं नाही.